मस्तानी आणि बिचारी

‘मस्तानी’ म्हटलं की आज लोकांना तीन गोष्टी आठवतात. बाजीराव पेशवे, २०१५ साली आलेला सिनेमा आणि पुण्यात उंच ग्लासात मिळणारं, आइस्क्रीमचा गोळा घातलेलं दूध. आमच्यासारख्या घरांत या शब्दाला चौथाही एक अर्थ होता. जी मुलगी जिना चढताना दोन-दोन पायऱ्या ओलांडते, मोठ्याने हसते, गल्लीत मुलांबरोबर लंगडी आणि विटीदांडू खेळते, पाहुण्यांसमोर मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालते आणि ओढणी खांद्यावर राहिली की गळून पडली याचं जिला भान नसतं, ती मस्तानी. “क्या मस्तानी हुई गे ये छोकरी!” हे वाक्य मराठवाड्यातल्या दखनी बोलणाऱ्या घरात वाढलेल्या माझ्या वयाच्या बायकांनी आज्यांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलं असेल.

आता हा शब्द या अर्थाने फारसा ऐकू येत नाही. माझ्या विद्यार्थिनींच्या आया ‘टॉमबॉय’ म्हणतात, नाहीतर ‘हायपर आहे हो मॅडम’ म्हणतात. शब्द म्हातारा झाला. पण त्याच्या घरातले बाकीचे शब्द चांगले धडधाकट आहेत. ‘मस्ती आलीय का?’, ‘मस्तावली आहे’, ‘हिची मस्ती जिरवायला हवी’ ही वाक्यं मराठीतही आणि आमच्या उर्दूतही रोज वापरात आहेत. म्हणून हा शब्द आला कुठून आणि मुलींच्या वाट्याला येईपर्यंत त्याचं काय झालं, हे जरा बघू या.

माझ्या दादीच्या तोंडी हा शब्द दोन सुरांत यायचा. मुलगी सात-आठ वर्षांची असेल तर ‘मस्तानी’ म्हणताना दादी हसायची, गालगुच्चा घ्यायची. तीच मुलगी अकरा-बाराची झाली की शब्द तोच, पण हसू गेलेलं. मग तो शब्द मुलीकडे बघून म्हटला जायचा नाही, तिच्या आईकडे बघून म्हटला जायचा. मुलगी तीच, तिचं धावणंही तेच. मधल्या तीन वर्षांत फक्त बघणाऱ्यांची नजर बदललेली असे.

शब्दाचं मूळ फारसी आहे. ‘मस्त’ म्हणजे नशेत असलेला, धुंद. फारसी म्हटल्यावर अनेकांना तो परका वाटतो. पण मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते, त्यामुळे दोन्ही भाषांच्या शब्दांची नातीगोती लावून दाखवणं हा माझा रोजचाच उद्योग आहे. ‘मस्त’ हा संस्कृतमधल्या ‘मत्त’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. दोघांचं मूळ एकच, ‘मद्’. मद् ला ‘त’ जोडला की संस्कृतमध्ये ‘मत्त’ होतं आणि फारसीच्या बाजूला ‘मस्त’ होतं. हा योगायोग नाही, नियम आहे. संस्कृतमध्ये जिथे ‘बद्ध’ आहे तिथे फारसीत ‘बस्त’ आहे. आमची मुलं पाठीवर जो ‘बस्ता’ घेऊन शाळेत येतात आणि मराठी घरात लग्नाआधी जो ‘बस्ता’ बांधला जातो, तो हाच. बस्ता म्हणजे बांधलेलं. दोन भाषा एकाच आजीच्या पोटच्या, वेगवेगळ्या गावी दिलेल्या मुलींसारख्या आहेत. लग्नानंतर आडनाव बदललं, तोंडवळा राहिला.

गंमत पुढे आहे. मत्त मराठीत स्वतःच्या वाटेनेही आला. सप्तचं सात झालं, भक्तचं भात झालं, तसं मत्तपासून ‘मातणे’ झालं. ‘फार मातलास’ यातलं ते मातणं. त्याच मद् धातूचं दुसरं रूप ‘माद्यति’. अद्यचं आज होतं तसं माद्यचं ‘माज’ झालं, त्यातून ‘माजणे’. आणि फारसीकडून फिरून आलेल्या मस्तला आपण मराठी प्रत्यय लावून ‘मस्तावणे’ केलं. उर्दूनेही तेच केलं. ‘मस्ताई फिर रही है’ यातलं ‘मस्ताना’ हे क्रियापद इराणमध्ये कुणी बोलत नाही, ते इथलंच. म्हणजे मातली, माजली, मस्तावली या तिघी बहिणी आहेत. एक घरात वाढली, दुसरीही घरातच वाढली, तिसरी इराण फिरून आली. तिघी पुन्हा भेटल्या त्या आपल्या मुलींना बोल लावण्याच्या कामावर.

आता व्याकरणातली एक गोष्ट सांगते, कारण माझ्या मते सगळा मुद्दा तिथे आहे. फारसी भाषेत लिंगभेद नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम आहे. मस्त हा शब्द पुरुषालाही तसाच, बाईलाही तसाच, हत्तीलाही तसाच. त्याला ‘आना’ हा प्रत्यय लागला की ‘मस्ताना’, म्हणजे धुंद माणसासारखा. दोस्ताना, शाहाना हे याच घडणीचे शब्द. फारसीत मस्तानाचं स्त्रीलिंग होत नाही, कारण त्याचं पुल्लिंगही नाही. हा शब्द हिंदुस्थानात आला तेव्हा इथल्या भाषांनी शेवटी ‘आ’ पाहिला आणि त्याला पुरुष समजून घेतलं. घोडा-घोडी, मुलगा-मुलगी, तसं मस्ताना-मस्तानी. दीवाना-दीवानी, शहजादा-शहजादी हेही इथेच झालं. म्हणजे मस्तानी हा शब्द फारसी दिसत असला तरी त्याचा शेवटचा ‘ई’ अस्सल देशी आहे. शब्द बाहेरून आला, त्यातली मुलगी आपण घडवली. आणि मुलगी घडवली त्याच वेळी तिच्यासाठी वेगळा अर्थही घडवून ठेवला.

हा वेगळा अर्थ किती वेगळा आहे ते पाहा. पुरुषांच्या बाजूला मस्त शब्दाला दोन मोठी घरं मिळाली. पहिलं घर हत्तीचं. वयात आलेल्या नर हत्तीच्या डोळा आणि कानाच्या मधल्या ग्रंथीतून दरवर्षी काही काळ स्राव वाहतो, तो बेभान होतो, माहूत त्याला साखळदंडाने बांधतात. या अवस्थेला आपल्याकडे हत्ती मस्त झाला, मदावर आला असं म्हणतात, आणि इंग्रजांनीही आपल्या भाषेत त्यासाठी हाच शब्द उचलला. ‘मदमस्त हत्ती’ म्हणताना आपण मद आणि मस्त या एकाच कुळातल्या दोन भावांना शेजारी बसवतो हे आपल्या लक्षातही येत नाही. हत्ती मस्त झाला की लोक घाबरतात, पण त्या घाबरण्यात एक आदर असतो. मुलीच्या बाबतीत मात्र माज हा शब्द येतो तो गोठ्यातून. गाय-म्हैस माजावर येते ती साधारण दर एकवीस दिवसांनी, आणि ती माजावर आली की मालक तिच्यासाठी वळू शोधतो. हा अर्थ खेड्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरीही तेरा वर्षांच्या मुलीला ‘माजलीय’ म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. आणि त्यानंतर तिच्यासाठी स्थळ शोधण्याची बोलणी सुरू होतात, यातलं साम्य मी मुद्दाम ओढून आणलेलं नाही. ते भाषेतच बसलेलं आहे.

दुसरं घर फकिरांचं. तसव्वुफमध्ये ‘सुक्र’ आणि ‘सह्व’ अशा दोन अवस्थांची चर्चा जुनी आहे. सुक्र म्हणजे ईश्वरप्रेमातली धुंदी, सह्व म्हणजे शुद्ध. बायजीद बिस्तामी यांचं नाव धुंदीच्या वाटेशी जोडलं जातं, बगदादच्या जुनैद यांचं शुद्धीच्या वाटेशी. धुंदीच्या वाटेने गेलेले ते मस्त, मस्तान, मस्त कलंदर. अशा बाबांच्या दर्ग्यांवर चादरी चढतात. मुंबईत नागपाड्याला मस्तान तलाव आहे. मस्तान हे पुरुषाचं नाव असलं की ऐकणारा हात कपाळाकडे नेतो. मस्तानी हे बाईचं नाव असलं की ऐकणाऱ्याच्या मनात घुंगरू वाजतात.

बाजीरावाच्या मस्तानीचं तेच झालं. १७२९ साली बाजीराव बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला धावून गेले, त्यानंतर ती पुण्यात आली. ती छत्रसालाची मुलगी होती असं परंपरा सांगते. ती घोड्यावर बसायची, शस्त्र चालवायची असंही सांगितलं जातं. शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला तिचं नाव आहे. १७४० साली बाजीराव गेले आणि त्याच वर्षी तीही गेली. शिरूर तालुक्यात पाबळला तिची कबर आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ साली पानिपतच्या लढाईत मराठ्यांकडून लढला आणि तिथल्या जखमांनी गेला. एवढं सगळं घडलेल्या बाईची लोकांच्या मनातली ओळख काय? नाचणारी. तिचं नाव विशेषण म्हणून ऐकलं गेलं आणि मग त्या विशेषणाने बाई झाकून टाकली. तिच्या मुलाने मराठ्यांसाठी रक्त सांडलं हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनाही तिच्या नावाचं दूध कुठे चांगलं मिळतं ते ठाऊक असतं.

धुंदीच्या वाटेने बायका गेल्याच नाहीत असं कुणी म्हणू नये. बसऱ्याच्या हजरत राबिया यांची गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकलेली आहे. एका हातात पेटती मशाल आणि दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं घेऊन त्या रस्त्यातून धावत निघाल्या. विचारल्यावर म्हणाल्या, जन्नतला आग लावायची आहे आणि जहन्नमची आग विझवायची आहे, म्हणजे लोक लालचेने किंवा भीतीने नव्हे तर फक्त प्रेमाने इबादत करतील. कथा म्हणून आपण ही फार प्रेमाने सांगतो. वाजात ऐकतो, मान डोलावतो. पण भर रस्त्यातून धावणारी बाई असं हे चित्र आहे, हे आपल्या लक्षात येतं का? आमच्या मोहल्ल्यात आज एखादी मुलगी अशी धावत निघाली तर तिच्या हातात काय आहे हे विचारण्याआधी ती कुणाची आहे हे विचारलं जाईल. मराठीतही तेच. जनाबाईंनी पदराची पर्वा न करता भरल्या बाजारातून जाण्याची भाषा केली, तो अभंग आपण डोळे मिटून ऐकतो. डोळे उघडे असताना समोरच्या मुलीचा पदर मोजतो.

उर्दू साहित्याकडे वळलं तर तिथेही ही वाटणी अगदी सुरुवातीपासून आहे. डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ १८६९ साली आली. उर्दूतल्या पहिल्या कादंबऱ्यांमध्ये तिची गणना होते, आणि कितीतरी घरांत ती मुलींना वाचायला दिली जायची. तिच्यात दोन बहिणी आहेत. थोरली अकबरी, हट्टी, लाडावलेली, ऐऱ्यागैऱ्या मुलींत मिसळणारी, घर मोडणारी. धाकटी असगरी, शहाणी, हिशेबी, घर सावरणारी. सासरी एकीचं नाव पडतं मिजाजदार बहू, दुसरीचं तमीजदार बहू. नजीर अहमद मुलींच्या शिक्षणाच्या बाजूचे होते आणि असगरी मुलींची शाळाही चालवते, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. तरीही शिकणारी मुलगी म्हणजे शांत मुलगी, हे समीकरण त्या पुस्तकाने आमच्या मनात पक्कं केलं. अकबरीच्या हातात कुणी पुस्तक दिलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न विचारायला इस्मत चुगताई यावी लागली. भावांच्या बरोबरीने धुडगूस घालत वाढलेली ही मुलगी पुढे मुंबईत राहिली, लिहीत राहिली. तिच्या ‘टेढी लकीर’मधली शमन ही कुठल्याच अर्थाने असगरी नाही, आणि तरीही ती शिकते, विचार करते, चुकते, उभी राहते. मी मुलींना सांगते, इस्मत आपाचं लिखाण पटो न पटो, पण उर्दूत एक दांडगी मुलगी शेवटपर्यंत दांडगी राहिली आणि मोठी लेखिका झाली, एवढं लक्षात ठेवा.

हा सगळा शब्दांचा खेळ वाटत असेल तर शाळेतली एक गोष्ट सांगते.

सातवीत एक मुलगी होती. वर्गात सगळ्यांत उंच, धावण्यात मुलांनाही मागे टाकणारी. कबड्डीत चढाईला गेली की हात लावूनच यायची. मराठीचा धडा वाचायला सांगितला की शेजारच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायची. उच्चारात चुका व्हायच्या, पण बिनधास्त चुकायची, आणि जो बिनधास्त चुकतो तोच भाषा शिकतो हे मी वीस वर्षांच्या अनुभवाने सांगते. तालुक्याच्या स्पर्धेसाठी तिचं नाव गेलं. चार दिवसांनी ती म्हणाली, “मॅडम, घरवाले नको म्हणतात.” मी तिच्या घरी गेले. आई गप्प होती. नानी म्हणाली, “बाई, पोरगी मस्ताई है. आता तिला जरा बसवायला पाहिजे.” मामा म्हणाला, शाळा बंद करत नाही आम्ही, फक्त हे पळणं-बिळणं बंद.

त्यांनी शब्द पाळला. शाळा बंद झाली नाही. आज ती नववीत आहे, रोज येते, खेळाच्या तासाला वर्गात बसून वह्या पूर्ण करते. तिची अक्षरं पूर्वीपेक्षा सुंदर आहेत. पण आता तिला धडा वाचायला सांगितला की तिसऱ्या बाकाच्या मागे ऐकू येत नाही. त्या घरात कुणी तिच्या वाचण्यावर बंदी घातली नव्हती. बंदी घातली होती पायांवर. आवाज आपोआप गेला. ज्यांना वाटतं की मुलीचं हुंदडणं थांबवलं तरी अभ्यास तसाच राहतो, त्यांनी अशा मुलीला एकदा मोठ्याने वाचायला सांगावं.

मराठीत ‘मस्ती जिरवणे’ म्हणतात. जिरवणे हा शब्द महाराष्ट्राला सरकारी भिंतींवरून चांगला पाठ आहे, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. शिवारात जिरवलेलं पाणी जमिनीखालून विहिरीत येतं, उन्हाळ्यात कामाला येतं. मुलीत जिरवलेली मस्ती कुठे जाते? कुठल्या विहिरीत येते? मी तरी कुठे आलेली पाहिली नाही. पस्तिशीतल्या, चाळिशीतल्या बायका पालक सभेला येतात, सही करतात आणि मुलांसाठी काही मागायचं असलं तरी शेजारणीला कोपर मारून म्हणतात, ‘तू बोल ना.’ त्यांच्यातल्या कितीजणींना लहानपणी मस्तानी म्हटलं गेलं असेल, असं माझ्या मनात येऊन जातं.

नानीला किंवा मामाला मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांची भीती खरी आहे. रस्ते वाईट आहेत, मोहल्ल्याच्या जिभा लांब आहेत, आणि मुलगी आवाजी आहे असं एकदा पसरलं की स्थळं येताना अडतात. गरीब घराला हे परवडत नाही. पण भीतीला भीती म्हणावं. ‘आम्हाला काळजी वाटते’ हे वाक्य मुलीला समजतं, त्यावर तिच्याशी बोलता येतं, कुणी सोबत जावं, किती वाजता परतावं हे ठरवता येतं. ‘तू मस्तावली आहेस’ या वाक्यावर तिला काही बोलता येत नाही. त्यात रस्त्याचा दोष, जिभांचा दोष, सगळा तिच्या अंगात भरला जातो. तिला वाटू लागतं की आपल्याच हाडामांसात काहीतरी गैर आहे.

दीनचं नाव घेऊन कुणी हे सांगत असेल तर त्यालाही एक आठवण करून द्यावीशी वाटते. हजरत आयेशा (रजि.) यांनी एका प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली आणि जिंकली. पुढे त्यांचं अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि आधीच्या हरण्याची फेड झाली असं गमतीने म्हणाले. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. ईदच्या दिवशी मस्जिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते, ते आयेशांनी (रजि.) प्रेषितांच्या (स.) आडोशाने, मन भरेपर्यंत उभं राहून पाहिले, हे बुखारीत आहे. मर्यादा, पर्दा याबद्दल उलेमांनी जे सांगायचं ते सांगावं, तो माझा प्रांत नाही. पण बाईचं धावणं, जिंकणं, खेळ बघण्याची हौस असणं हे मुळातच बेशरमपणाचं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना ही शिकवण प्रेषितांच्या (स.) घरातून मिळालेली नाही, एवढं मी नक्की म्हणू शकते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते, कारण हा लेख वाचून काही मराठी वाचक हळहळतील, ‘बिचाऱ्या मुसलमान मुली!’ म्हणतील. हा शब्दही तपासून घेऊ. बिचारा मूळचा ‘बे-चारा’. चारा म्हणजे उपाय. ‘दुसरा चारा नाही’ यातला तोच. ज्याच्याकडे उपाय नाही तो बेचारा. हाही फारसी, हाही मुळात लिंग नसलेला, यालाही ‘ई’ आपण इथे लावली. मस्तानी आणि बिचारी या एकाच कारखान्यात घडलेल्या दोन मुली आहेत.

आमची मुलगी या दोन शब्दांच्या मध्ये वाढते. घरात ती मोठ्याने हसली तर मस्तानी. घराबाहेर पडली, डोक्यावर ओढणी आहे, नाव शबाना किंवा नसीमा आहे, की लगेच बिचारी. बसमध्ये शेजारची बाई विचारते, ‘तुमच्यात शिकू देतात का मुलींना?’ मुलीच्या मांडीवर दहावीचं पुस्तक उघडं असतं तरी विचारते. आंतरशालेय स्पर्धेत आमची मुलगी जिंकली की बक्षीस देणारे पाहुणे म्हणतात, ‘अशा परिस्थितीतूनही!’ कुठल्या परिस्थितीतून? तिला फक्त जोरात पळता येतं. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या, दुसऱ्या शाळेतल्या मुलीलाही घरी ‘भटकभवानी’ म्हणत असतील, तिचंही पळणं दहावीनंतर बंद होणार असेल, पण तिच्यासाठी कुणी हळहळत नाही. ‘भवानी’ म्हणजे साक्षात देवी, तीही मुलींच्या वाट्याला शिवी म्हणूनच आली. तेव्हा हा रोग एका मोहल्ल्याचा समजू नये. मस्ती जिरवणारे सगळ्या आळ्यांत आहेत.

मस्तानी म्हटलं की मुलीला अडवायचा परवाना मिळतो, बिचारी म्हटलं की तिची कीव करायचा. दोन्हीत तिला काय हवं आहे ते विचारायचं राहून जातं. साध्या मुलीसाठी, जी कधी दंगा करते, कधी रुसते, कधी पहिली येते, कधी नापास होते, तिच्यासाठी या दोन शब्दांच्या मध्ये जागाच नाही.

शब्द हद्दपार करा असं म्हणायची मला सवय नाही. शब्द तसे जातही नाहीत. ‘मस्त’ला तर आपण इतकं आपलं केलंय की जेवण मस्त, पाऊस मस्त, आज मुलं सगळ्यालाच मस्त म्हणतात. वर्गात मी विचारलं, मस्तीखोर मुलगा म्हणजे कसा? सगळे हसले आणि दोन-चार नावं घेतली, त्या मुलांनी ऐटीत मान वर केली. मग विचारलं, मस्तीखोर मुलगी? पुन्हा हसू आलं, पण कुणी नाव घेतलं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, नाव घेतलं तर तिच्या घरी कळेल.”

आई-वडिलांना, नानी-दादींना माझी एवढीच विनंती आहे. मुलगी दहा वर्षांची असताना ज्या गोष्टीवर तुम्ही हसला होता, ती तेरा वर्षांची झाल्यावर त्याच गोष्टीला नाव ठेवण्याआधी एक दिवस थांबा. तिचं काय बदललं ते बघा. बहुतेक वेळा उंची बदललेली असेल. काळजी असेल तर काळजी सांगा. शिक्षकांनी स्पर्धेची यादी करताना आधीच ‘हिचे घरवाले सोडणार नाहीत’ असं धरून नाव गाळू नये. नाव लिहावं, घरी जावं, दुसऱ्यांदा जावं लागलं तर दुसऱ्यांदा जावं. मी पुढच्या आठवड्यात त्या नववीतल्या मुलीच्या घरी पुन्हा जाणार आहे. या वेळी कबड्डीचं बोलणार नाही. शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे, मराठीतून. तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचतो, हे मला माहीत आहे.